मोज्यांचा दुसरा जोड

माझ्या मुलीच्या डाव्या पायाची दोन बोटं पांढरी पडली ती माझ्यामुळे. आज हे एका वाक्यात लिहिता येतं. त्या शनिवारी हेच वाक्य तोंडातून बाहेर काढायला मला दोन तास लागले, आणि त्या दोन तासांत माझी आठ वर्षांची मुलगी माझ्यासाठी खोटं बोलली.

आम्ही कतारमध्ये अल खोरला राहतो. मी रास लफानच्या एका गॅस प्लांटमध्ये सेफ्टीचं काम करतो. तिथे गॅस इतका गार करतात की त्याचं पाणी होतं, उणे एकशे बासष्ट अंश. त्या पाइपांजवळ काम करणाऱ्या नव्या माणसांना हातपाय कसे सांभाळायचे हे शिकवणं माझ्याकडे आहे. दर महिन्याला तीच वाक्यं मी हिंदीत आणि इंग्रजीत म्हणतो. हातमोजा सैल हवा, एका झटक्यात निघाला पाहिजे. गारठलेली कातडी चोळायची नाही. दुखायचं एकदम थांबलं तर बरं वाटलं म्हणून खूश होऊ नका, तिथेच थांबा आणि ओरडा. ही वाक्यं मला इतकी पाठ आहेत की ती म्हणताना मी मनात दुसराच विचार करू शकतो.

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही जॉर्जियाला जाणार होतो. आमच्या कॉलनीतली बरीच कुटुंबं जातात, विमानानं काही तासांचा प्रवास, आणि मुलांना खरा डोंगर, खरा बर्फ. त्याआधी मुलांना फळीवर निदान उभं तरी राहता यावं म्हणून बायकोनं दोह्यातल्या बंदिस्त बर्फाच्या हॉलमध्ये स्नोबोर्डिंगचा दोन तासांचा वर्ग घेतला. ती इथल्या शाळेत शिकवते. त्या शनिवारी तिला शाळेत जावं लागणार होतं, म्हणून मुलांना मी नेणार असं ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी तिनं हॉलवाल्यांचा सूचनांचा मेसेज मला पुढे पाठवला.

"वाचलास का?" तिनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"अगं, थंडीचं मला काय सांगतेस? मी थंडीतच नोकरी करतो."

"ती पाइपातली थंडी. ही मुलांची आहे. वाच."

मी मेसेज उघडला. म्हणजे निळ्या खुणा दिसल्या असतील तिला. वाचला मात्र नाही.

शनिवारी सकाळी बाहेर तिशीच्या आसपास तापमान होतं. आमच्या बेडरूममध्ये एसी सोळावर ठेवून मी दोघांना पलंगावर उभं केलं. मुलगा बारा वर्षांचा, मुलगी आठची. आत सुती बनियन, त्यावर थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर जॅकेट, डोक्याला कानटोपी. हे सगळं करताना मला फार बरं वाटत होतं, हेही सांगितलं पाहिजे. एरवी मुलांना तयार करणं हे माझं काम नसतं. मुलं उठायच्या आधी मी प्लांटच्या बसमध्ये असतो.

मोज्यांपाशी आलो. दोघांच्या पायांत त्यांचे नेहमीचे मोजे होते. मला ते पातळ वाटले. माझ्या कपाटात प्लांटमधून मिळालेले जाड मोजे होते, लोकरीसारखे, आतून मऊ. माझ्या मापाचे. मी ते दोघांच्या मोज्यांवर चढवले आणि पुढचा मोकळा भाग बोटांखाली दुमडला.

"बाबा, नो वे," मुलगा म्हणाला. "मी हत्तीसारखा दिसतोय."

"बर्फात हत्तीच टिकतो. घाल."

मुलगी काही बोलली नाही. ती कधी बोलत नाही. तिला सांगितलं की ती ऐकते, आणि आम्ही नातेवाइकांना फोनवर हे कौतुकानं सांगतो.

गाडीत मुलांना घाम येऊ नये म्हणून मी एसी इतका वाढवला की अर्ध्या बाह्यांच्या शर्टात मीच कुडकुडत होतो. कॉलनीच्या गेटवरच्या गार्डनं खिडकीतून दोन कानटोप्या पाहिल्या आणि हसत म्हणाला, "यल्ला साब, रशिया जा रहे हो?" मुलगी लाजून खाली वाकली. पुढे हायवेवर एक लेन बंद होती. तिथे पंचवीस मिनिटं गेली. आमचा वर्ग अकराचा. पार्किंगमध्ये पोचलो तेव्हा अकराला दहा कमी होते, आणि मी दोघांना अक्षरशः ओढत आत नेलं.

बूट भाड्यानं मिळतात. काउंटरवरच्या बाईंनी मुलीच्या मापाचा बूट दिला. पाय आत जाईना. त्या म्हणाल्या, एक नंबर मोठा बघते, पण तो मागच्या खोलीतून आणावा लागेल. मी घड्याळ पाहिलं. मागे रांग होती. मी म्हटलं, नको, हा बसेल. गुडघा टेकून मी तिची टाच आत ढकलली, आणि बसली. मग दोऱ्या ओढल्या. मुलाला मदत नको होती, तो मघाशीच बाथरूममध्ये जाऊन आला होता आणि आपला आपण बूट घालून दारात उभा होता. त्यानं तिथे वरचे मोजे काढून जॅकेटच्या खिशात कोंबले होते, हे मला नंतर कळलं.

"टाइट आहे, बाबा," मुलगी म्हणाली. 'टाइट आहे' एवढं मराठी ती बोलते.

"टाइटच हवा. सैल असला तर पाय मुरगळेल."

शिकवणारा गृहस्थ लेबनॉनचा होता, साठीकडे झुकलेला, पांढऱ्या मिशांचा. तिकडच्या डोंगरात लहानपणापासून बर्फावर वाढलेला, असं त्यानं पहिल्या मिनिटात सांगितलं. प्रत्येक मुलाकडे बघत तो विचारत चालला होता, ग्लव्ह्ज ओके? सॉक्स ओके? माझ्या मुलीपाशी आला तेव्हा मी तिच्या वतीनं अंगठा वर केला.

आत उणे चार होतं. मी भाड्याचं जॅकेट चढवून कठड्याशी उभा राहिलो आणि फोटो काढून बायकोला पाठवत राहिलो. तिचं उत्तर आलं, 'कानटोपी खाली ओढ तिची.' मी हसरा चेहरा पाठवला.

अर्ध्या तासानं मुलगी कठड्याशी आली. एक पाय फळीत, दुसरा मोकळा. डावा पाय तिनं थोडा उचलून धरला होता.

"बाबा, माय फूट इज फनी."

"फनी म्हणजे काय? थंडी वाजतेय?"

"नो."

"दुखतोय का?"

"नॉट नाऊ."

"मुंग्या आल्यात का पायाला?"

तिनं खाली पाहिलं. बुटाच्या आजूबाजूच्या बर्फावर पाहिलं, पाय जरा फिरवून मागेही पाहिलं. मग मान हलवली, "नो, बाबा," आणि किंचित हसली.

"मग जा. यल्ला, चल!"

ती गेली. आता मी हे लिहिताना तो 'नॉट नाऊ' मला ढोल वाजावा तसा ऐकू येतो. मघाशी दुखत होतं, आता दुखत नाही. प्लांटमध्ये एखाद्या माणसानं मला असं सांगितलं असतं तर मी त्याला त्याच पावली बाहेर काढलं असतं. माझ्या मुलीला मी परत उतारावर पाठवलं आणि तिचा पाठमोरा फोटो काढला.

आणखी चाळीस मिनिटं गेली. ती तीनदा पडली. चौथ्यांदा पडली तेव्हा उठली नाही. रडतही नव्हती. फक्त बसून राहिली होती, आणि डाव्या पायावर जोर देऊन बघत होती, जणू तो पाय दुसऱ्याच कोणाचा आहे. शिक्षकानं तिला उचलून कठड्याबाहेरच्या बाकावर आणून ठेवलं आणि तो प्रथमोपचारवाल्यांना हाक मारायला धावला.

बूट मी काढला. दोऱ्या सोडल्या. प्लांटचा मोजा काढला, आतला काढला. आतला ओला होता. माझ्या मोज्याच्या घडीचा वळ तिच्या पावलावर आडवा उमटला होता, खोल, आणि त्याच्या पुढची बोटं मेणासारखी पांढरी होती. उजवा पायही उघडा केला; त्याची बोटं लाल होती, गार होती, पण जिवंत दिसत होती. मी डावा पाय दोन्ही हातांत धरून जोरजोरात चोळायला लागलो.

"ला, ला! नाही, चोळू नको!" शिक्षक परत आला होता. त्यानं माझे हात बाजूला केले, जॅकेटची चेन उघडली, आतला शर्ट वर केला आणि तिचं उघडं पाऊल स्वतःच्या पोटाला लावलं. गारव्यानं त्याचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. तो तिच्याशी बोलत राहिला, हबीबती, लाडके, तुझा पाय माझ्या पोटात झोपलाय, आता उठेल बघ.

मी उभा होतो. बाकावर प्लांटचा मोजा पडला होता. मी तो उचलला आणि पँटच्या खिशात टाकला. मग दुसऱ्या पायाचाही टाकला. मला कोणीही काही विचारलं नव्हतं. का केलं, याचं मला आजही नीट उत्तर देता येत नाही. हात आधी गेला. मान वर केली तर मुलगी माझ्या खिशाकडे बघत होती.

तिथल्या खोलीत प्रथमोपचारवाल्यांनी तिचा पाय कोमट पाण्यात ठेवला. तीन बोटं हळूहळू गुलाबी झाली, आणि तसतशी मुलगी रडायला लागली, कारण आता दुखत होतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पांढरंच राहिलं. त्यांनी ती बोटं दाबली, तिला काही कळलं नाही. हॉस्पिटलला न्या, ते म्हणाले.

गाडीतून मी बायकोला फोन लावला. मुलं मागे बसली होती, मुलीचा पाय टॉवेलात गुंडाळून भावाच्या मांडीवर. फोन गाडीच्या स्पीकरवर होता.

"बोटं पांढरी म्हणजे? किती वेळ होती ती आत? तू तिथेच होतास ना?"

"तिथेच होतो. मी विचारलं होतं तिला. दुखतंय का, मुंग्या आल्यात का, सगळं विचारलं. तिनं सांगितलंच नाही."

मागून बारीक आवाज आला, "सॉरी, बाबा."

मी 'असू दे' म्हणालो. हे दोन शब्द मी म्हणालो, तिला माफ केल्यासारखे.

हॉस्पिटलात डॉक्टर सुदानच्या होत्या, उंच, शांत. त्यांनी पाय पाहिला आणि आश्चर्यानं माझ्याकडे पाहिलं. "इथे आमच्याकडे उन्हानं आडवी झालेली मुलं येतात," त्या इंग्रजीत म्हणाल्या. मग प्रश्न सुरू झाले. किती वेळ, बूट मापाचा होता का, मोज्यांचे जोड किती.

"एक," मी म्हणालो.

त्यांनी पावलावरच्या वळावरून बोट फिरवलं. तो अजून गेला नव्हता. मग त्या खाली वाकून मुलीला म्हणाल्या, "तू सांग, हबीबती. किती मोजे होते?"

मुलीनं माझ्या खिशाकडे पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे.

"वन," ती म्हणाली.

मुलगा कोपऱ्यातल्या खुर्चीवर होता. त्यानं मान खाली घातली आणि स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. मला तेव्हा बोलता आलं असतं. मी बोललो नाही. मनात म्हणालो, मोजे एक की दोन, आता काय फरक पडतो? बोटं आता तशीही पांढरीच आहेत.

फरक पडत होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. एवढ्याशा थंडीत, एका पायाची दोनच बोटं अशी जावीत हे त्यांना पटत नव्हतं. काही मुलांच्या रक्तवाहिन्या थंडीत गरजेपेक्षा जास्त आकसतात, कधी त्यामागे दुसरा आजार असतो. रक्त तपासावं लागेल, वाहिन्यांच्या डॉक्टरांना बोलवावं लागेल, तिला ठेवून घ्यावं लागेल. त्या बोलत होत्या आणि मी मान डोलावत होतो. नर्स ट्रे घेऊन आली. सुई, रबरी पट्टा, तीन लहान बाटल्या.

माझ्या मुलीला सुईची भयंकर भीती वाटते. लसीच्या वेळी दोघांनी धरावं लागतं. तिनं ट्रे पाहिला, तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. तिनं माझं बोट पकडलं. नर्सनं दंडाला पट्टा बांधला. मी वाट बघत होतो की आता ती सांगेल. कुठलंही मूल सांगेल. एका शब्दात सुटका होती तिची. ती माझं बोट घट्ट धरून भिंतीकडे तोंड करून राहिली. ती सांगणार नव्हती.

"दोन," मी म्हणालो. "डॉक्टर, दोन जोड होते. आणि बूट लहान होता. मोठा मिळत होता, मी घेतला नाही."

मी खिशातून मोजा काढून चादरीवर ठेवला. डॉक्टरांनी तो उचलला, लांब करून पाहिला. त्यांच्या कोपरापर्यंत आला तो.

"हा कोणाचा?"

"माझा."

त्यांनी नर्सला ट्रे न्यायला सांगितलं. मोजा पावलाशी धरून त्यांनी घडी कुठे येते ते पाहिलं, वळाशी जुळवलं. मग म्हणाल्या, "हे आधी सांगायला हवं होतं. मी भलतीकडेच निघाले होते." एवढंच. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मग त्या मुलीशी बोलल्या. टोचल्यासारखं वाटलं होतं का पायाला, सुया टोचल्यासारखं? हो, मुलगी म्हणाली, सुरुवातीला, खूप. मग बाबांना का नाही सांगितलं?

"बाबांनी ते नाही विचारलं," ती इंग्रजीत म्हणाली. "त्यांनी विचारलं, मुंग्या आहेत का. मी बघितलं. बर्फावर एकपण मुंगी नव्हती."

डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं. मुंगी तिला माहीत होती, आमच्या बाल्कनीत रांगा लागतात. पाय बधिरला की त्याला मुंग्या येतात हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण होतं? या घरात मराठी बोलायला मी किती वेळ असतो?

बायको शेजारच्यांच्या गाडीतून आली. ती दारात दिसताच मुलगी उठून बसली आणि घाईघाईनं म्हणायला लागली, "आई, इट वॉज माय फॉल्ट, मी बाबाला सांगितलं नाही..."

"थांब, पिल्लू," मी म्हणालो, आणि बायकोला सगळं सांगितलं. मेसेज वाचला नाही इथपासून. खिशात मोजा टाकला ते, फोनवर सगळं मुलीवर ढकललं ते, आणि डॉक्टरांसमोर ती 'वन' म्हणाली ते. मुलासमोर सांगितलं. बायको उभ्यानं ऐकत होती.

"मेसेजमध्ये पहिल्याच ओळीत होतं," ती म्हणाली. "एकच जोड."

"हो."

"आणि हिनं सुई घ्यायची तयारी केली? हिनं?"

"हो."

ती माझ्याशी त्यानंतर बोलली नाही. पलंगावर बसून तिनं मुलीचं डोकं छातीशी घेतलं. संध्याकाळी चौथ्या बोटात रंग आला. करंगळी जरा निवळली, पण बधिर राहिली. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं की कातडी निघेल, घाबरू नका. मात्र रोज डोळे मिटायला सांगून बोटांना कापसानं स्पर्श करा आणि कुठे कळतं ते विचारा. आठवड्यात फरक दिसला नाही तर परत या. जॉर्जियाचं बुकिंग बायकोनं त्याच दिवशी रद्द केलं.

ते कापसाचं काम मी मागून घेतलं. प्लांटवरून आलो की हातपाय धुऊन तिच्यासमोर बसायचं. ती डोळे मिटायची, मी एकेका बोटाला कापूस लावायचो. "आता?" अंगठा. "आता?" मधलं. "आता?" करंगळी. पहिल्या दिवशी बरोबर, दुसऱ्या दिवशी बरोबर, तिसऱ्या दिवशीही. मी बायकोला सांगितलं, आलं बहुतेक. ती म्हणाली, इतक्या लवकर?

चौथ्या दिवशी मी क्रम तोच ठेवला. पण मधल्या बोटानंतर कापूस वरच धरला, कुठेच लावला नाही.

"आता?"

"करंगळी," ती लगेच म्हणाली, डोळे मिटून, हसऱ्या चेहऱ्यानं.

ती माझा आवाज ऐकून उत्तर देत होती. तीन दिवस ती मला बरं वाटावं म्हणून बोटं मोजत होती.

मी कापूस खाली ठेवला. तिला डोळे उघडायला सांगितलं आणि म्हणालो, मी आत्ता हात लावलाच नव्हता. तिचा चेहरा एकदम पडला, चोरी पकडल्यासारखा. मी घाईनं म्हणालो, चूक तुझी नाही, माझी आहे. त्या दिवशी मी एक म्हणालो म्हणून तू एक म्हणालीस. ते मी वाईट केलं. हे बोलताना मी निम्मं इंग्रजीत बोललो, कारण या वेळी एकही शब्द तिच्या हातून सुटायला नको होता. कळत नसेल तर 'नाही' म्हण, मी रागावणार नाही, मला वाईट वाटलं तरी म्हण.

"तुला वाईट वाटेल?" तिनं विचारलं.

"वाटेल. तरी म्हण."

पाचव्या दिवशी तिनं डोळे मिटले. अंगठा बरोबर. चौथं बोट बरोबर. मग मी कापूस करंगळीला लावला, हलकेच फिरवला, आणि काही न बोलता थांबलो. तिच्या कपाळावर आठी आली. ती खूप वेळ शोधत राहिली.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "कळत नाही."

मी तिच्या पायावर पांघरूण घातलं आणि स्वयंपाकघरात गेलो. बायको कणीक मळत होती.

"करंगळीला अजून काही कळत नाहीये," मी म्हणालो. "आधीचे तीन दिवस चुकीचे होते."

तिनं हात थांबवला, माझ्याकडे पाहिलं, त्या आठवड्यात पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"तिनं सांगितलं?"

"तिनंच सांगितलं."

"मग उद्या सुट्टी टाक," ती म्हणाली. "आपण दोघं नेऊ तिला."